यादीच्या पोटात यादी



या अंकात कोणी पळसाच्या झाडावर लिहिले आहे, कोणी आपल्या धरणावर. मी मात्र संगणकाविषयी लिहिणार आहे. घाबरू नका. यात अवघड असे काही नाही. ज्याला हजेरी समजते त्याला हे समजेल.

माझा आतेभाऊ खोपोलीला कॉलेजात जातो. त्याला आम्ही दादा म्हणतो. रविवारी तो लॅपटॉप घेऊन येतो आणि पडवीत बसून पायथन नावाच्या भाषेत लिहितो. ही बोलायची भाषा नाही. संगणकाला काम सांगायची भाषा आहे. नेदरलँड्स देशातल्या गिदो व्हान रॉसम यांनी ती बनवली आणि १९९१ साली ती लोकांना वापरायला दिली. पायथन म्हणजे अजगर, पण तिचे नाव अजगरावरून ठेवलेले नाही. इंग्लंडात टेलिव्हिजनवर एक विनोदी कार्यक्रम होता, त्याच्या नावावरून ठेवले आहे. आमची आजी ऐकत नाही. ती अजून विचारते, "अजगराचा अभ्यास झाला काय रं?"

या भाषेत पुष्कळ वस्तू एका ओळीत ठेवायच्या असतील तर चौकटी कंस करतात आणि आत स्वल्पविराम देऊन एकेक वस्तू लिहितात. त्याला लिस्ट म्हणतात. लिस्ट म्हणजे यादी. वाण्याच्या यादीसारखीच, फक्त कंसात. दादाने मला सांगितले, तुझ्या ओळखीची यादी कर. मी रेल्वेची केली. आपले पळसदरी स्टेशन सगळ्यांना ठाऊक आहे. इथे कर्जतकडून आलेली वाट दोन ठिकाणी जाते, एक खोपोलीला आणि एक बोरघाट चढून लोणावळ्याला. म्हणून मी दोन याद्या केल्या.

खोपोलीची = [कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली]

घाटाची = [कर्जत, पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा]

(घाटातल्या बारक्या केबिनी मी धरल्या नाहीत. आणि संगणकात प्रत्येक नावाला अवतरणचिन्ह लावावे लागते, ते इथे जागा कमी म्हणून सोडले आहे.)

आता संगणकाला विचारायचे, या दोन याद्या सारख्या आहेत काय? विचारण्यासाठी बरोबरची चिन्हे दोन लिहायची, अशी ==. एकच चिन्ह लिहिले तर संगणकाला वाटते की आपण नाव ठेवतो आहोत. तो उत्तर देतो ट्रू किंवा फॉल्स. ट्रू म्हणजे खरे आणि फॉल्स म्हणजे खोटे.

तो कसा तपासतो ते ऐका. आधी तो मोजतो. दोन्हींत ६ नावे आहेत. मोजणीत फरक निघाला असता तर त्याने लगेच फॉल्स म्हटले असते, आत बघितलेच नसते. मोजणी जुळली म्हणून तो पहिले नाव पहिल्याला लावतो. कर्जत, कर्जत. जुळले. मग दुसरे. पळसदरी, पळसदरी. जुळले. तिसरे केळवली आणि ठाकूरवाडी. नाही जुळले! तो तिथेच थांबतो आणि सांगतो, फॉल्स. पुढे खंडाळा आहे की लौजी आहे हे तो बघत पण नाही. मला याची गंमत वाटली. आपल्या स्टेशनाजवळ सांधे आहेत, तिथे रूळ वेगळे होतात. संगणक पण त्याच सांध्यावर थांबला. घाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, पण ते सांगत बसले तर निबंध रेल्वेचा होईल.

पुढचा प्रश्न, कोणती यादी लहान? तुम्ही म्हणाल खोपोलीची, कारण खोपोली जवळ आहे. उत्तर बरोबर आहे पण कारण चूक आहे. संगणकाला लांब-जवळ काय माहीत? तो पुन्हा तसाच चालत जातो आणि जिथे पहिला फरक सापडेल तिथे निकाल लावतो. केळवली आणि ठाकूरवाडी. क अगोदर, ठ नंतर, म्हणून खोपोलीची यादी लहान. शब्दकोशात शब्द असेच लावलेले असतात. आणि एक यादी दुसरीच्या मध्येच संपली तर संपलेली लहान. [कर्जत, पळसदरी] ही [कर्जत, पळसदरी, केळवली] पेक्षा लहान. कोशात 'कर' आधी येतो आणि 'करवंद' नंतर, तसेच हे.

संगणकाला क आधी हे कोण सांगते? त्याच्यात प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला आहे. क चा नंबर २३२५ आहे, ख चा २३२६, आणि मोजत मोजत गेलात की ठ चा २३३६ येतो. तो अक्षरे बघत नाही, नंबर बघतो. इथे एक मोठी लबाडी होते. आपण बाराखडीच्या तक्त्यात ळ कुठे म्हणतो? ह नंतर. ह, ळ, क्ष, ज्ञ. पण नंबरात ळ ला ल च्या लगेच पुढे बसवला आहे. ल २३५४, ळ २३५५, आणि व पुढे २३५७. त्यामुळे 'केवडा' आणि 'केळवली' यांत आपल्या कोशाप्रमाणे केवडा आधी यायला पाहिजे, कारण व आधी आणि ळ शेवटी. संगणक मात्र केळवली आधी लावतो. दादा बोलला, मराठीच्या क्रमाने लावायची सोय आहे, पण ती वेगळी सांगावी लागते. मला वाटते ती न सांगता असायला पाहिजे होती.

आकड्यांचे पण लक्षात ठेवा. १० हा ९ पेक्षा मोठा, हे पहिलीतल्या मुलाला पण येते. पण १० आणि ९ अवतरणचिन्हांत लिहिले तर संगणकाला ते आकडे वाटत नाहीत, अक्षरे वाटतात. मग तो पहिले अक्षर बघतो, १ आणि ९. १ लहान. म्हणून '१०' लहान आणि '९' मोठे! आई हे ऐकून बोलली, "असा हिशेब दुकानदाराने केला तर बरं होईल."

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. यादीच्या आत यादी ठेवता येते. डब्यात डबी, डबीत पुडी असते तशी. आपल्या शाळेचा पट घ्या. शाळा ही मोठी यादी. तिच्यात चार वस्तू आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि प्रत्येक वस्तू ही स्वतःच मुलांची यादी आहे. जिल्हा पण असाच असतो. रायगड जिल्ह्यात १५ तालुके, कर्जत आणि खालापूर हे त्यांतले दोन, आणि प्रत्येक तालुक्याच्या पोटात गावे.

[[कर्जत, [नेरळ, कडाव]], [खालापूर, [खोपोली, चौक]]]

कंस नीट मोजा. जितके उघडले तितके मिटले पाहिजेत.

अशा दोन याद्या समोर आल्या तर संगणक नवीन काही करत नाही. तो पहिली वस्तू पहिलीला लावायला जातो आणि बघतो की अरे, ही तर यादीच आहे. मग तो आत शिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मोजणी, पहिले पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला. आत आणखी यादी सापडली तर आणखी आत. सगळे जुळले की बाहेर येतो आणि पुढच्या वस्तूकडे जातो. एकच काम, पण आत आत जाऊन केलेले.

मी दादाला विचारले, आतले सगळे बाहेर काढून एकच लांब यादी केली तर नाही चालणार? त्याने मला हे लिहून दिले.

[[१, २], [३]]

[[१], [२, ३]]

कंस पुसून टाकले तर दोन्हींत १, २, ३ आहे, त्याच क्रमाने. पण संगणक म्हणतो फॉल्स. बरोबरच म्हणतो. समजा एक कंस म्हणजे एक घर. पहिल्यात १ आणि २ एका घरात राहतात. दुसऱ्यात २ नंबरचा माणूस शेजारच्या घरात गेला आहे. माणसे तीच, पण घरे तीच नाहीत.

याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. मुलांना बूट-मोजे मिळायचे होते. त्यासाठी एक यादी आली. ती कोणी केली ते मी लिहीत नाही. पटावर ४१ मुले आणि आलेल्या यादीतही ४१. सगळे बोलले, जुळली. पण बाईंना बरे वाटेना. त्यांनी मला आणि आणखी एका मुलीला बसवले, एकीच्या हातात पट आणि एकीच्या हातात यादी, आणि इयत्तेप्रमाणे मोजायला लावले. पटावर ११, १०, १०, १०. यादीत ११, ९, ११, १०. बघा, दोन्ही बेरजा ४१ येतात! दुसरीत एक कमी आणि तिसरीत एक जास्त, म्हणून बेरजेला काही कळलेच नाही. मग आम्ही आत शिरून एकेक नाव वाचले. तिसरीतल्या एका मुलाचे नाव दोनदा होते आणि दुसरीतली एक मुलगी नव्हतीच. ती माझी मावसबहीण. तिचे आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि तिला बरोबर नेतात, पावसाच्या आधी परत येतात. तिचे नाव पटावर होते, ती तेव्हा वर्गात पण होती, फक्त त्या कागदावर नव्हती. बाईंनी लगेच पत्र लिहिले. बूट आले तेव्हा तिचेही आले, थोडे मोठे आले, पण ती म्हणते पुढच्या वर्षी बसतील.

नावे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. दुसरीच्या यादीत तिचे नाव चौथे पाहिजे होते. ते नाही म्हटल्यावर पाचवे नाव चौथ्या जागी आले, सहावे पाचव्या जागी, आणि तिथून खाली एकही नाव जुळेना. माझी मैत्रीण बोलली, "सगळीच यादी चुकली!" यादी सगळी चुकली नव्हती, एकच नाव गळले होते, बाकीची वर सरकली होती. खोपोलीच्या यादीतून पळसदरी काढून बघा. कर्जत जुळेल आणि मग पळसदरीसमोर केळवली, केळवलीसमोर डोलवली, असे शेवटपर्यंत चुकत जाईल. म्हणून फरक आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर जागेला जागा लावायची. पण नेमके कोण गळले ते पाहायचे असेल तर जागा सोडून नाव शोधायचे, म्हणजे हे नाव त्या यादीत कुठेतरी आहे काय? आणि तेच उलट बाजूनेही विचारायचे, त्या यादीतले प्रत्येक नाव या यादीत आहे काय. एका बाजूने विचारले तर अर्धेच कळते.

मोठी माणसे हे फार गंभीर वेळी पण करतात. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. तिथे एक आकडा पुरणार नव्हता. वाडीत घरे, घरात माणसे, अशी ती यादीतली यादी होती. दुसरी यादी सापडलेल्यांची. पण वाडीतले सगळेच त्या रात्री घरात नव्हते. काही मुले आश्रमशाळेत राहायला होती, ती वाचली. त्यामुळे बेपत्ता माणसांचा आकडा रोज बदलत होता. एखादा माणूस दुसरीकडे जिवंत आहे असे कळले की त्याचे नाव त्या यादीतून निघायचे. शोध थांबवला तेव्हा २७ जणांचे देह मिळालेले होते आणि ५७ जण सापडले नव्हते. माझे बाबा सांगतात, त्या दिवसांत प्रत्येक जण आकडा विचारायचा, पण ज्यांचे नातेवाईक होते ते नाव विचारायचे.

आता थोड्या बारीक गोष्टी, त्या लवकर सांगते.

कधी कधी क्रमाचे महत्त्व नसते. खेळासाठी गट पाडले तर आधी कोणत्या गटाचे नाव घेतले याला अर्थ नाही. तेव्हा दोन्ही याद्या आधी क्रमाने लावायच्या आणि मग तुलना करायची. पण यादीत यादी असेल तर आधी आतल्या लावायच्या, बाहेरची मागून. समजा एक आहे [[३, १], [२]] आणि दुसरी [[२], [१, ३]]. गट तेच आहेत. फक्त बाहेरून लावल्या तर पहिली होते [[२], [३, १]] आणि दुसरी [[१, ३], [२]]. जुळत नाहीत. आधी आतून लावल्या तर दोन्ही [[१, ३], [२]] होतात. पाटीवर करून बघा, मी तीनदा करून बघितले आहे.

पायथनमध्ये झिप नावाचे एक काम आहे. दप्तराच्या चेनसारखे ते दोन याद्यांचे दात एकमेकांत बसवते, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. ते सोपे आहे म्हणून दादाचे मित्र त्यानेच तुलना करतात. पण एक यादी आधी संपली तर झिप गुपचूप थांबते. उरलेल्या नावांकडे बघत नाही आणि ओरडत पण नाही. शेवटचीच नावे गळली असतील तर 'सगळे जुळले' असे उत्तर येते. म्हणून आधी मोजणी करायची आणि मग झिप लावायची.

५ आणि [५] या एक गोष्ट नव्हेत. एक आंबा आणि एक आंबा ठेवलेली करंडी यांत फरक आहे ना? सारखे काय विचारले तर संगणक फॉल्स म्हणतो. पण यांतले लहान कोण विचारले तर तो उत्तरच देत नाही, चूक म्हणून लाल अक्षरांत लिहितो आणि काम बंद करतो. आंबा आणि करंडी यांत लहान कोण हे ठरवायचे कसे, असे त्याला वाटत असेल.

आणि सारखे असणे वेगळे आणि तेच असणे वेगळे. आपल्या चौथीच्या वर्गात सर्वांकडे मराठीचे पुस्तक आहे. पान पानाला लावले तर सगळी सारखी. पण माझ्या पुस्तकावर मी शाईने फूल काढले तर तुमच्या पुस्तकावर उमटत नाही, कारण ते माझे पुस्तक आहे. पण एकाच पुस्तकाला दोघे बहीण-भाऊ 'माझे' म्हणत असतील तर एकाने फूल काढले की दुसऱ्यालाही दिसते. संगणकात याद्यांचे असेच असते. आतली यादी दोन ठिकाणी तीच ठेवलेली असली तर एकीकडे बदल केला की दुसरीकडे आपोआप होतो. दादा या कारणाने एकदा रात्री बारापर्यंत जागला होता.

आता तुमच्यासाठी कोडी. पाटीवर सोडवा.

१) [[५], [६, ७]] आणि [[५, ६], [७]] सारख्या आहेत काय?

२) [[२, १०], [१]] आणि [[२, ९], [८, ८, ८]] यांत मोठी कोणती? (आकडे अवतरणचिन्हांत नाहीत.)

३) [] ही रिकामी यादी. [[]] ही रिकामी यादी जिच्यात ठेवली आहे ती यादी. या सारख्या आहेत काय? नसल्या तर मोठी कोणती? हे कोडे आमच्या बाबांना आले नाही, पण आजी बोलली, रिकाम्या पेटाऱ्यात रिकामी टोपली ठेवली तर पेटारा रिकामा कसा?

उत्तरे पुढच्या अंकात देईन. ज्याला घाई असेल त्याने मधल्या सुट्टीत हापशीजवळ मला विचारावे.

इयत्ता चौथी, पळसदरी